शब्दचर्चा: फेअरीला 'परी' म्हणावं का?

कोरे यामाझाकी यांची 'माहोत्सुकाई नो योमे' ही 2013 पासून चालू असलेली मांगा (जपानी चित्रकथा) आठवीतल्या भाचीला मराठीतून सांगतेय. गोष्ट इंग्लंडात घडते. डोक्याच्या जागी जनावराची कवटी असलेला जादूगार एलायस 15 वर्षांच्या चिसेला लिलावात 50 लाख पौंडांना घेतो. अडतंय ते फेअरींपाशी. 'परी' म्हटलं की भाचीला गुलाबी फ्रॉक आणि छडी दिसते! इथल्या तर चिसेला भुलवून कायमचं घेऊन जायला टपलेल्या. काय म्हणू?

– परी मुळात फारसी, आणि देखणीच. भुलवून ओढून नेणाऱ्या आपल्याकडे साती आसरा. पण त्या विहिरी-डोहांच्या, त्यांना इंग्लंडात नेऊ नका.

– ताई, जपानीत त्यांना 'रिनजिन' म्हटलंय ना? म्हणजे शेजारी. हे लेखिकेच्या पदरचं नाही. स्कॉटलंड-आयर्लंडकडे त्यांचं थेट नाव घेत नसत. रागावू नयेत म्हणून 'भले शेजारी', 'भली माणसं' म्हणत. आपण रात्री सापाला 'लांबडं' किंवा 'जनावर' म्हणतो, तसंच.

– किंवा बांगडी फुटली तरी 'वाढवली' म्हणतो, तसं.

– नाही हो, तिथे अशुभ शब्द टाळायचा असतो. सापाच्या बाबतीत नाव ऐकून तो येईल ही भीती. फेअरींचं दुसऱ्या जातीचं. 'देवी आल्या' हे जास्त जवळचं: भीती आहे, म्हणून मान.

– मग 'शेजारी' नको, 'शेजारचे' म्हणा. अंगात आलं की 'बाहेरचं आहे' म्हणतात, त्याच घडणीचा शब्द. नाव न घेता कळतं.

– 'शेजारचे' एकदम पटलं! 'खिडकी लाव, शेजारचे आलेत' म्हणून पाहिलं, भाचीने खरंच खिडकीकडे बघितलं. आता चिसेला 'स्लेय बेगा' म्हणतात, त्याचं काय?

– ते मॅन बेटावरच्या मँक्स भाषेतलं. 'स्लेय' म्हणजे लोक, 'बेगा' म्हणजे छोटे. तिथे फेअरींनाच असं म्हणतात. मांगात मात्र एका मुलीला लावलंय. कांजीत, म्हणजे अर्थ दाखवणाऱ्या जपानी चिन्हांत, लिहिलंय 'रात्रीचं लाडकं लेकरू', आणि वर बारीक अक्षरांत, उच्चार दाखवणाऱ्या 'काना' लिपीत, 'सुरेइ बेगा'. अर्थ एकीकडे, उच्चार दुसरीकडे. देवनागरीत ही सोय नाही. मी तरी 'रात्रीचं लाडकं' एवढंच ठेवेन, 'लेकरू' गाळून.