सभेच्या इतिवृत्तात ‘सर्वानुमते मंजूर’, पण विरोध तर होता. तो कागदावर आणायचा कसा?

वारजेकर: ४२ फ्लॅटची सोसायटी, रविवारी वार्षिक सर्वसाधारण सभा. वादाचे विषय दोन. टँकरचा खर्च सर्वांना समान लावणे, आणि फ्लॅट भाड्याने देणाऱ्यांकडून २५ टक्के बिनभोगवटा शुल्क घेणे. दोन्हींना विरोध करायचा आहे. तो नोंदला जावा म्हणून नेमकं काय करायचं? सभेवर बहिष्कार टाकला तर?

सनदशीर: दुसरा विषय मताचा नाहीच. बिनभोगवटा शुल्काला २००१ पासून शासनाची मर्यादा आहे: सेवाशुल्काच्या (सोसायटीच्या सामाईक खर्चासाठीचा आकार) १० टक्के, आणि त्यात मालमत्ता कर धरायचा नाही. ४२ जणांनी हात वर केले तरी २५ टक्के होत नाहीत. तिथे विरोधी मत देत बसू नका. शासन आदेशाची प्रत अध्यक्षांना द्या आणि विषय मागे घ्यायला सांगा.

टँकरवर मात्र दोन मतं असू शकतात. आदर्श उपविधींत (सोसायट्यांसाठीची नमुना नियमावली) सेवाशुल्क सर्वांना समान आहे, पाण्याचा आकार नळजोडांच्या संख्येवर आणि आकारमानावर. टँकर कुठल्या खात्यात टाकायचा, हाच खरा वाद, आणि तुमचं पत्रही त्यावरच हवं. दोन प्रती, विषय क्रमांक, दोन ओळींत कारण, सचिवांची तारखेसह पोच. पानभर लिहिलंत तर इतिवृत्तात ‘सदस्यांनी चर्चा केली’ एवढंच उरतं.

नळावरची_चर्चा: बहिष्काराचं विसरा. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, दोन तृतीयांश सदस्य किंवा २०, यांपैकी जे कमी ते, म्हणजे तुमच्याकडे २०. तेवढे जमले नाहीत तर अर्धा तास थांबून सभा तहकूब होते. नोटिशीत लिहिलं असेल तर त्याच दिवशी पुन्हा भरते, आणि तिला गणपूर्ती लागत नाही. विरोधक घरी चहा पीत बसतात आणि खाली पार्किंगमध्ये नऊ जण ठराव करून मोकळे होतात.

हजेरीवर सहीही करा. सही म्हणजे संमती नव्हे. ती नसेल तर तुम्ही सभेला होतात हेच सिद्ध करणं अवघड.

‘मंजूर? मंजूर!’ च्या गजरात पुटपुटलेलं ‘नाही’ कुणी लिहून घेत नाही. उभं राहून मोजणी मागा: बाजूने, विरोधात, तटस्थ. गप्प बसलेला माणूस विरोधकांत धरला जात नाही.

उपविधीवाला: मसुदा इतिवृत्त मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी दुरुस्ती द्या. ग्रुपवर अंगठा उलटा दाखवणं म्हणजे दुरुस्ती नाही. वाक्य तयारच द्या: ‘ठराव बहुमताने मंजूर. बाजूने २३, विरोधात ६, तटस्थ २. फ्लॅट क्र. अमुक यांचा विरोध नोंदवला.’ ‘सर्वानुमते’ खोडून ‘बहुमताने’ करणं हीच निम्मी लढाई.

सनदशीर: एक भर. विरोध नोंदवला म्हणून टँकरचे पैसे अडवू नका. थकबाकीवर २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लागू शकतं, वर वसुलीची कारवाई. ‘हरकत राखून’ असं लिहून भरा. ठरावच बेकायदेशीर वाटत असेल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालय आहे, आणि तिथे पहिला कागद विचारतात तो पोच असलेलं पत्र.

वारजेकर: पत्राच्या दोन प्रती झाल्या. विरोधाला सूचक-अनुमोदक लागतो का?

उपविधीवाला: नाही. पण ‘नळजोडांप्रमाणे आकारावा’ अशी उपसूचना (ठरावात बदल सुचवणारी सूचना) मांडणार असाल तर अनुमोदक आधीच गाठून ठेवा. ऐन वेळी सगळे छताकडे बघतात.