हंगामातली पहिली कोवळी पानं: तुमचे अनुभव लिहा

परसदार
आज सकाळी लेट्यूसची पहिली पानं कापली. पेरून २७ दिवस झाले. देठ कापल्यावर पांढरा चीक येतो ना, तो बोटाला लागला, वाळून तपकिरी झाला आणि एकदम आजी आठवली.

तिची एक जुनी कात्री परसातल्या नळाला सुतळीने बांधलेली असायची. फक्त पानांसाठी. कागद कापायला घेतली की ओरडा ठरलेला. एका वर्षी तिने मला हातभर लांबीचा वाफा दिला, "हा तुझा." मी ठरवलं, पानं चांगली मोठी होऊ देत, मग एकदम कापू. आजी रोज म्हणायची, "अगं, खा की आता, कोवळी आहेत तोवर." मी ऐकलं नाही. मग ऊन तापलं. चार-पाच दिवसांत मधून दांडा सरसर वर आला आणि पानं कडूजहर झाली. मी वाफ्याशी बसून रडले. आजी काही बोलली नाही, रात्री तिच्या वाफ्यातली पानं माझ्या ताटात वाढली.

तेव्हापासून पान बोटभर झालं की मी कात्री लावते. बाहेरची पानं आधी, गाभ्याला धक्का लावत नाही.

तुमची पहिली पानं कशी होती? सगळ्यांनी लिहा.

हिरवाचुडा
विरळणीची!! दाट पेरलं की काढावंच लागतं, आणि ते फेकायचं नाही. मूळ खुडायचं, माती धुवायची, मीठ-लिंबू लावून तिथेच उभ्याने खायचं. मुलं आता ताटली घेऊनच येतात. बाकी नंतर लिहिते, कुकरच्या शिट्ट्या होतायत.

नवशिका_माळी
माझं बी उगवतच नाही. दोनदा पेरलं. पाकीट नवीन आहे. काय चुकतंय?

परसदार
@नवशिका किती खोल पेरलं दादा?

नवशिका_माळी
बोटाच्या दोन पेरांइतकं. वरून माती नीट दाबली.

परसदार
तिथेच घोळ झालाय. लेट्यूसच्या बीला उगवायला उजेड लागतो. ओल्या मातीवर नुसतं भुरभुरायचं, वर चिमूटभर माती. शिवाय उकाड्यात ते बी झोपूनच राहतं. १५ ते २० अंशांत छान उगवतं, तिशीच्या आसपास गेलं की हट्टाला पेटतं. ओल्या कागदात गुंडाळून दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवा आणि मग पेरा.

ओलावा
आमच्याकडे गेल्या वर्षी एक अख्खा ट्रे रात्रीत झोपला. संध्याकाळी रोपं ताठ उभी, सकाळी सगळी मातीलगत बारीक होऊन आडवी. हात लावला तर देठ पाण्यासारखा. फार वाईट वाटलं हो, एकेक बी चिमटीने ठेवलं होतं. पाणी जास्त, गर्दी जास्त, वारा नाही, म्हणून बुरशी लागली. आता ट्रेखाली थाळीत पाणी ओतते, माती खालून हवं तेवढं ओढून घेते. थोड्या वेळाने उरलेलं ओतून टाकते. परत तसं झालेलं नाही.

चांदणवेल
ट्रेवरून आठवलं, आमच्या मांजरीला पेरलेला ट्रेच झोपायला हवा असतो. ऊबदार, मऊ माती. तिच्या अंगाच्या आकाराची रिकामी जागा आणि भोवतीने पालक, असं उगवलंय यंदा.

हिरवाचुडा
😂😂 मांजरीचा फोटो हवा!

चांदणवेल
फोन काढला की उठून जाते. ट्रेवर आता जाळी टाकली आहे, तर जाळीवर झोपते.

काठावरचा
मी बागकाम करत नाही, पण लिहितो. बाबांचं मोठं ऑपरेशन झालं होतं. घरी आले तर जेवणावर वासनाच नाही. बहिणीने खिडकीत पसरट डब्यात मोहरी पेरली. तिसऱ्या दिवशी कोंब दिसले. बाबा अंथरुणावरून उठून खिडकीपर्यंत जायचे आणि आगपेटीची काडी शेजारी उभी धरून मोजायचे. "आज काडीच्या निम्म्याला आली." रोज तेवढंच चालणं. काडीइतकी झाली त्या दिवशी स्वतः कापली आणि चावून म्हणाले, "तिखट आहे." त्याआधी कितीतरी दिवस ते कशालाच चव आहे म्हणाले नव्हते. बाबा आता नाहीत. डबा आहे.

परसदार
दादा, वाचून डोळे भरून आले. त्या डब्यात यंदा मोहरी पेरा.

ओलावा
🙏 पेरा खरंच. खूप माती लागत नाही, चार बोटं पुरते.

रानवाट
अरुगुला, ती सॅलडची पालेभाजी, कोणी लावत नाही का? तीन-चार दिवसांत उगवतो आणि महिन्याभरात ताटात. कोवळा असताना दाण्यासारखी चव, मोठा झाला की झणका. दर पंधरवड्याला थोडं थोडं पेरत जा. एकदम सगळं पाकीट रिकामं केलं की एकदम ढीग येतो, मग काही नाही.
पालकाचं बी मात्र रात्रभर भिजवा, त्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. कापताना बुडाशी दोन बोटं सोडा, परत फुटतो. दोन-तीनदा तरी मिळतो.

हिरवाचुडा
आले. पोरं झोपली. कापायची वेळ सकाळचीच ठेवा गं. रात्रभर पाणी पिऊन पानं कुरकुरीत असतात, दुपारी माना टाकतात. गार पाण्यात बुडवून, झटकून, कोरड्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवते मी.

काठावरचा
गोगलगायींचं काय करता? बहीण विचारतेय.

रानवाट
रात्री टॉर्च घेऊन वेचायच्या, दुसरा उपाय मला तरी जमलेला नाही. ओली फळी रात्री वाफ्यात ठेवा, सकाळी फळीखाली सापडतात. पानांमागे मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, दिसला तर आधी नुसत्या पाण्याचा जोरकस फवारा. खायची पानं आहेत, औषधं नकोत.

चांदणवेल
@परसदार ती कात्री आहे का अजून?

परसदार
आहे. सुतळी तीनदा बदलली. धार आईने एकदा लावून आणली होती, तेव्हा आजी दोन दिवस बोलली नव्हती तिच्याशी. 😄

नवशिका_माळी
उगवलं!!! फ्रीजवालं बी. ७ कोंब मोजले, दोन पानांवर अजून टरफल अडकलंय. ओढून काढू का?

परसदार
अजिबात नाही! वरून पाण्याचा हलका फवारा मारा, आपसूक गळेल. आणि आजपासून उजेडात ठेवा, नाहीतर लांबुडकी होऊन लोळतील.