फ्रोझन २ घरी दाखवू का? पोरानं २०१९ चा पूर बघितलाय

कृष्णाकाठची (सांगली)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा येडपट वाटेल पण विचारतेच. आमच्याकडं दोन पोरं, थोरला १० वर्षांचा, धाकटी ५ ची. धाकटीला कुणाच्या तरी बर्थडेला एल्साची (डिस्नेच्या फ्रोझन पिक्चरमधली बर्फाची जादू येणारी राणी) बाहुली दिसली आणि तेव्हापासून माझी निळी ओढणी पाठीला बांधून घरभर बर्फ पाडत फिरतीय. पहिला फ्रोझन चार वेळा बघून झाला, दोनदा हिंदीत दोनदा इंग्लिशमधे, कळतंय किती ते देव जाणे, आणि आता दुसरा लाव म्हणून रोज डोकं खातीय.

पण माझी अडचण धाकटी नाहीच, थोरला आहे. आम्ही गावभागात राहतो. २०१९ च्या ऑगस्टमधे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा हा ४ वर्षांचा होता. आम्हाला गॅलरीतून बोटीत उतरवलं, सासूबाईंच्या पदरात मांजर आणि माझ्या कडेवर हा, आणि मग नऊ दिवस विश्रामबागला बहिणीकडं. २०२१ ला परत तेच, सामान वर चढवा, खाली उतरवा. आता एवढा मोठा झालाय पण पाऊस लागला की रात्री उठून माझ्या मोबाईलवर पाणीपातळी बघतो. ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका हे त्याला पाढ्यांच्या आधी पाठ झालंय.

काल जाऊबाई म्हणाल्या की दुसऱ्या भागात धरण फुटतं म्हणून. खरंय का? किती वेळ दाखवलंय, कसं दाखवलंय? आणि एकंदर पिक्चर बरा आहे का, का नुसतं पहिल्याच्या नावावर खपवलंय? स्पॉयलर चालतील, खरं तर स्पॉयलरच पाहिजेत.

भडंग_आणि_चहा (मिरज)

ताई, येडपट काही नाही, मी हा पिक्चर थेटरात बघितलाय तोच मुळी या सगळ्यात. आपल्याकडं २२ नोव्हेंबर २०१९ ला लागला होता, म्हणजे पूर ओसरून तीन-सव्वातीन महिने, बाजारपेठेतल्या भिंतींवर चिखलाची रेघ अजून तशीच होती. दोन्ही पोरींना घेऊन गेलो, म्हटलं जरा बरं वाटेल त्यांना, बर्फ बघतील, गाणी ऐकतील. आणि शेवटाला हे!

तर होय, धरण फुटतं. फुटतं म्हणजे फोडतात. गोष्ट अशी की एल्सा आणि तिची बहीण अ‍ॅना यांच्या आजोबानं, म्हणजे जुन्या राजानं, जंगलातल्या नॉर्थुल्ड्रा लोकांना धरण बांधून दिलेलं असतं, भेट म्हणून, पण खरं तर त्यांची ताकद कमी व्हावी म्हणून. त्यावरून मारामारी होते आणि सगळं जंगल ३४ वर्षं धुक्यात कोंडलं जातं, आतले लोक आत. एल्साला एक आवाज ऐकू यायला लागतो, त्याच्या मागं हे सगळे निघतात. शेवटी अ‍ॅनाला कळतं की आजोबाच खोटारडा होता आणि धरण गेल्याशिवाय हे सुटणार नाही. मग ती झोपलेले दगडाचे राक्षस उठवते, त्यांना पाठीमागं पळायला लावते आणि ते धोंडे फेकून धरण फोडतात. पाण्याची भिंतच्या भिंत खाडीतनं गावाकडं जाते, आणि ऐनवेळी एल्सा पाण्याच्या घोड्यावर बसून येते आणि लाट बर्फानं अडवते. गावातले लोक आधीच वर कड्यावर जाऊन बसलेले असतात. एक माणूस मरत नाही, एक घर पडत नाही. प्रसंग लांबलचक नाही, पण मोठ्या पडद्यावर आवाज असा होता की माझ्या थोरलीनं माझा हात धरला तो धरलाच.

पण मी सांगतो, तुमच्या पोराला धरणापेक्षा दुसरं एक जड जाईल. मधे एल्सा रात्री काळ्या समुद्रात एकटी शिरते आणि तो पाण्याचा घोडा तिला पकडून खाली ओढतो. गटांगळ्या, परत वर, परत खाली. ज्याला पाण्याची भीती आहे त्यानं हे बसून बघणं अवघड. आणि धाकटीसाठी वेगळंच, ओलाफ, तो बोलणारा बर्फाचा माणूस, विरघळतो! अ‍ॅनाच्या मिठीत, गुहेत, हळूहळू. आमची बारकी तेव्हा अशी हमसून रडली की पुढच्या रांगेतल्या काकूंनी मागं वळून राजगिऱ्याचा लाडू दिला. तो परत येतो, ते आधीच सांगून ठेवा, सरप्राईज वगैरे गेलं खड्ड्यात.

पिक्चर कसा म्हणाल तर बघायला अफाट, कथा म्हणून गिचमिड. १०३ मिनिटांत आवाज, धुकं, चार भूतं (अग्नी वारा पाणी माती, म्हणजे आपली पंचमहाभूतंच, आणि पाचवं कोण ते शेवटी), आईबापाचं जहाज, आजोबाचं पाप, एवढं कोंबलंय की माझ्या बायकोनं इंटरव्हलला विचारलं, नक्की चाललेत कुठं हे लोक. पहिल्या भागात दोन बहिणी आणि एक बंद दार होतं, कुणालाही कळत होतं. इथं तसं नाही.

हिंदीत एल्साला प्रियांका चोप्राचा आवाज आहे आणि अ‍ॅनाला परिणीतीचा, चांगला केलाय. तमिळ आहे, तेलुगू आहे, मराठीत काय ते आपणच आपल्या पोरांना शेजारी बसून सांगायचं.

एकच_नंबर_०९

अहो कार्टून आहे ते, एवढा काय विचार करताय. आम्ही लहानपणी रामसे बंधूंचे भुताचे पिक्चर बघून मोठे झालो, काय झालं का आम्हाला.

भडंग_आणि_चहा (मिरज)

@एकच_नंबर_०९ झालंय की, म्हणून तर असे रिप्लाय येतात 😄

पाटणखोरं (सातारा)

धरणाचा विषय निघाला म्हणून लिहितोय, नाहीतर मी इथं फक्त वाचायला येतो.

आमच्या आज्याचं गाव कोयना धरणाच्या जलाशयात, शिवसागरात गेलं. धरण १९६४ ला पुरं झालं, १०३ मीटर उंच (वर १०३ मिनिटं वाचून हसू आलं, मीटरला मिनिट). तेव्हा लोकांना सांगितलेलं की वीज येणार, देश पुढं जाणार, तुम्हाला जमीन देणार. वीज आली, कारखाने आले, त्याला कोण नाही म्हणत नाही. पण कोयनेची माणसं कुठंकुठं फेकली गेली, सांगलीत, सोलापुरात, रायगडात, ठाण्यात, आणि जमिनीच्या वाटपासाठी नातवंडांच्या पिढीनं सुद्धा आंदोलनाला बसायचं. आज्जी उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की बघत बसायची, देवळाचं काय दिसतंय का म्हणून.

तर मी हा पिक्चर पुतणीबरोबर लॅपटॉपवर बघत होतो, निम्मं लक्ष नव्हतं. आणि त्यात तो म्हातारा राजा म्हणतो धरण म्हणजे भेट, तिथं मी सरळ होऊन बसलो. लहान पोरांच्या गाण्याच्या पिक्चरमधे कुणी तरी सरळ म्हणतंय की धरण देणारा खोटं बोलला! नंतर वाचलं की ते नॉर्थुल्ड्रा लोक उत्तरेकडच्या सामी लोकांवरनं घेतलेत, त्यासाठी डिस्नेनं सामींबरोबर करार केला आणि पिक्चर त्यांच्या भाषेत पण डब केला. आणि नॉर्वेत आल्टा नदीवर खरंच धरणाविरुद्ध सामींनी १९७९ पासनं आंदोलन केलेलं, उपोषणं, पोलीस, सगळं. धरण झालंच शेवटी. पिक्चरात मात्र फुटतं.

आता माझी तक्रार. फुटतं ते फार स्वस्तात फुटतं. अ‍ॅना ठरवते की आपलं गाव वाहून गेलं तरी चालेल पण चूक दुरुस्त करायची, हे लई मोठं आहे, माझ्या अंगावर काटा आला. आणि लगेच एल्सा येऊन लाट अडवते, राजवाडा जसाच्या तसा. म्हणजे आजोबाचं पाप धुतलं आणि नातीच्या खिशातला एक रुपया गेला नाही. आमच्या आज्याचं गाव असं कुणी बर्फानं अडवलं नाही.

आणि ताई, कोयनेतनं सोडलेलं पाणी कराडला कृष्णेत मिळतं आणि तुमच्याकडंच येतं. म्हणजे आमच्या गावावरचं पाणी तुमच्या गॅलरीखाली. दोष कुणाचा हा विषय इथं नको, नाहीतर धागा अलमट्टीपर्यंत जाईल. पण पोराला दाखवाच असं मला वाटतं. फक्त एकट्याला नको.

हरिपूरची_चिंच (सांगली)

पाटणखोरं, तुमचं दुःख पटतं पण शेवटाबद्दल मी भांडणार. पाच वर्षांच्या पोरीसमोर राजवाडा वाहून न्यायचा म्हणजे कसं व्हायचं हो? पिक्चर नातवंडांचा आहे, आपला नाही. किंमत मोजायची ती अ‍ॅना आधीच मोजते, गुहेत. बहीण गेली, ओलाफ गेला, ती एकटी अंधारात बसलेली, आणि गाणं सुरू होतं ते जवळजवळ हुंदक्यातनं. फार पुढचं बघू नको, पुढचं एक पाऊल टाक, तेवढ्यात जे बरोबर ते कर, एवढाच अर्थ. उठते, पडते, परत उठते. माझे मिस्टर गेल्यानंतरच्या वर्षात नातीबरोबर हा पिक्चर पाहिला, मी चष्मा पुसायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले.

मी गाण्यांबद्दल लिहिणार होते. आपण नाट्यपंढरीची माणसं, १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथंच नाटक उभं केलं, आमच्या हरिपूरला शारदा नाटक लिहिणाऱ्या देवलांचं घर, पदं कानावर घेऊनच वाढलो. आपल्याकडं पद रंगलं की गोष्ट थांबते, वन्स मोअर येतो, शकुंतला असू दे नाहीतर शारदा, गाणारीण परत आलाप घेते आणि कुणाची तक्रार नसते. इथं उलट आहे. गाण्याच्या आधी माणूस एक असतो आणि गाणं संपल्यावर दुसरा, निर्णय गाण्यातच होतो. एल्साला जो आवाज येतो ना, चार सुरांचा, तो ऑरोरा नावाच्या नॉर्वेच्याच गायिकेनं दिलाय. ते चार सूर पिक्चरभर सोडत नाहीत, आणि शेवटी कळतं हाक कुणाची, तेव्हा त्याच सुरांवर पुढचं गाणं चढतं. याला म्हणतात बंदिश.

तरी एक सांगते, पहिल्या भागातलं ते लेट इट गो गाणं पोरं रिक्षात बसून ओरडायची तसं यातलं एकही होत नाही. सूर अवघड आहेत. इकडं ऑस्करचं नामांकन मिळालं गाण्याला, पण बक्षीस पहिल्याला मिळालेलं, यावेळी नाही.

अ‍ॅनाच्या मित्राचं, क्रिस्टॉफचं गाणं मात्र धमाल, जुन्या इंग्लिश रॉकची टवाळी, मागं रेनडिअर कोरस धरतात. पोरांना कळत नाही, आयाबाप लोळतात.

भडंग_आणि_चहा (मिरज)

काकू, तेवढं क्रिस्टॉफचं राहिलंच माझ्याकडनं. धरणाच्या वेळी तो येतो आणि अ‍ॅनाला घोड्यावर, म्हणजे रेनडिअरवर, उचलून घेतो. तेव्हा तू हे काय करतीयस, वेड लागलंय का, असं काही विचारत नाही. एवढंच विचारतो की तुला काय पाहिजे. माझी बायको तेव्हा अंधारात माझ्याकडं वळून बघायला लागली, मी पॉपकॉर्नमधे तोंड घातलं.

कृष्णाकाठची (सांगली)

सगळ्यांचे आभार, रविवारी बघितला एकदाचा. ओलाफचं आधी सांगितलं होतं तरी धाकटी रडलीच, पण रडतारडता दादाला सांगत होती, येणारे तो, येणारे. तो छोटा निळा सरडा, आग लावणारा, त्याच्यावर आता तिचा जीव जडलाय, एल्सा मागं पडली.

थोरल्याचं सांगते. काळ्या समुद्राला मी विचारलं पुढं ढकलू का, तर नको म्हणाला, पण उशी पोटाशी धरून बसला आणि घोडा तिला खाली ओढत होता तेव्हा आवाज कमी कर म्हणाला. केला. मग ती त्याच घोड्याला बर्फाचा लगाम घालून त्यावर बसते तेव्हा त्यानं स्वतःच वाढवला.

धरण फुटलं तेव्हा मी पडद्याकडं कमी आणि त्याच्याकडं जास्त बघत होते. भ्यायला नाही हो. कपाळाला आठ्या घालून बघत होता, त्याचे बाबा पाण्याची बातमी बघतात तसा. लाट निघाली तसं म्हणाला, आई, यांना खाली किती फूट आलं ते कोण सांगतं? मी म्हटलं बाळा, लोक आधीच वर गेलेत. तर म्हणे कुणी सांगितलं त्यांना, रिक्षा फिरली का?

(ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, २०१९ ला आमच्या गल्लीत भोंगा लावून रिक्षा फिरली होती, नागरिकांनी सुरक्षित ठिकाणी जावे म्हणून. त्याच्या डोक्यात ती रिक्षा बसलीय.)

पाटणखोरं (सातारा)

ताई, त्याला सांगा आरेंडेलला, म्हणजे एल्साच्या गावाला, रिक्षा नव्हती, भूतांनीच घराघरातनं लोकांना बाहेर काढलं. सुरुवातीला दिवे विझतात, वारा सुटतो, रस्त्याच्या फरश्या हलतात आणि सगळे कड्यावर पळतात, ते तेच होतं.

कृष्णाकाठची (सांगली)

सांगितलं. तो म्हणतो मग बरोबर आहे, आधी लाईटच जाते.