मदत हवी आहे: पेरूच्या डोंगरातल्या शाळेत मुलांसोबत काम करायला जावं का?

नमस्कार मंडळी,

येत्या उन्हाळ्याच्या सुट्टीत पेरूला जायचं घाटतंय. कुस्कोजवळ ओयांतायतांबो नावाचं गाव आहे. तिथून वर पाताकांचाच्या खोऱ्यात केचुआ बोलणाऱ्या शेतकऱ्यांच्या वस्त्या आहेत, बटाटा पिकवणाऱ्या आणि अल्पाका पाळणाऱ्या. त्यातल्या एका गावच्या प्राथमिक शाळेत दीडेक महिना मदतनीस म्हणून राहण्याबद्दल एका छोट्या स्थानिक संस्थेने विचारलं आहे. त्यांचं शाळेचं वर्ष मार्च ते डिसेंबर, त्यामुळे आपली सुट्टी असते तेव्हा तिथे वर्ग भरलेले असतात.

मी सुरगाणा भागात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहे. आमची मुलं घरी कोकणा बोलतात आणि पहिलीत आल्यावर एकदम मराठी पुस्तकासमोर बसतात. पेरूबद्दल वाचताना हेच दिसलं. घरी केचुआ, शाळेत स्पॅनिश, आणि लहान शाळांमध्ये एकच शिक्षक सगळ्या इयत्ता सांभाळतो. केचुआला 1975 मध्ये अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला, द्विभाषिक शिक्षणाचं धोरणही आहे. पण धोरण आणि वर्ग यांच्यात किती अंतर असतं, ते मला रोज दिसतं.

आता खरा प्रश्न. आमच्या शाळेत शहरातून गट येतात. वह्या-दप्तरं वाटतात, मुलांना कडेवर घेऊन फोटो काढतात, "परत येऊ" म्हणतात. नंतर मुलं विचारत राहतात, "बाई, ते दादा कधी येणार?" आलेल्या माणसांची माया खरी असते, त्याबद्दल मला शंका नाही. पण उत्तर द्यायला मी उरते. तिकडच्या बाईंवर माझ्यामुळे ही वेळ येऊ नये.

म्हणून विचारते: इतक्या थोड्या दिवसांत, केचुआ येत नसताना, माझा मुलांना काही उपयोग होईल का? की न जाणंच बरं? संस्थेला काय काय विचारून घेऊ? व्हिसा आणि उंचीबद्दलही सांगा. गाव पावणेचार हजार मीटरच्या आसपास आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. सोबत राजगिऱ्याची चिक्की न्यावी असं मनात होतं, कारण तिथे तीन वर्षांखालच्या मुलांमध्ये रक्तक्षयाचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास असल्याचं वाचलं.

प्रतिसाद – कातळफूल

बाई, मी नोकरीनिमित्त काही वर्षं कुस्कोत होते. जा, पण शिक्षिकेच्या हाताखाली जा. वर्ग त्यांचा, तुम्ही त्यांच्या मदतीला. त्या चौथीला शिकवत असतील तेव्हा पहिलीच्या पाच-सहा मुलांसोबत बसायचं, एवढं काम मिळालं तरी पुष्कळ आहे.

गणित घ्या. केचुआत आकड्यांची नावं सरळ दशक-एककाने चालतात. पंचवीसला 'इस्काय चुंका पिच्कायोक', म्हणजे दोन दहा आणि पाच. आपल्याकडे 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकातल्या 'वीस पाच' वरून केवढा गदारोळ झाला, आठवतं ना? तिथे ते मुलांच्या तोंडात आधीच असतं. काड्यांचे गठ्ठे घेऊन बसलात की भाषा कमी पडली तरी काम अडत नाही. तिथले काही शिक्षक 'युपाना' ही इंकांच्या काळापासूनची मोजणीची पाटीही वापरतात, ती तुम्हीच त्यांच्याकडून शिकून या. आणि भोवरा न्या! तिथली मुलं 'त्रोंपो' म्हणतात आणि जाळी अशी लावतात की बघत राहाल.

चिक्की नको. राजगिऱ्याचा भाऊबंद 'किविचा' तिथेच पिकतो, त्याच्या वड्या कुस्कोच्या बाजारात मिळतात. वाटप तर नकोच. डिसेंबरमध्ये 'चोकोलाताडा' असते. शहरातली माणसं गाड्या भरून वर येतात, गरम चॉकलेट, गोड पाव आणि खेळणी वाटतात. त्या दिवसांत रस्त्याच्या कडेला गाड्यांची वाट पाहत उभी असलेली लहान मुलं मी पाहिली आहेत. थंडीत, तासन्‌तास. फार वाईट वाटायचं. द्यायचंच असेल तर शिक्षिकेला काय हवं ते विचारा आणि कुस्कोतून घेऊन शाळेच्या नावाने द्या. खाण्यापिण्याचं गावातल्या आया बघतात. सरकारी दुधाच्या योजनेची, 'वासो दे लेचे'ची, त्यांची समिती असते. त्यांच्यासोबत बटाटे सोलायला बसा, ओळख तिथे होते.

संस्थेला तीन गोष्टी विचाराच. गावाच्या सभेने तुमच्या येण्याला होकार दिला आहे का? या वस्त्यांमध्ये जमीन, पाणी, शाळा सगळ्याचे निर्णय सभेत होतात. तो होकार नसेल तर जाऊ नका. तुमच्याकडे पोलीस पडताळणी मागितली का? परक्या माणसाला कसलीही चौकशी न करता मुलांमध्ये सोडणारी संस्था मला चालणार नाही. आणि तुमच्यानंतर कोण? दर महिन्याला नवा चेहरा येत असेल, तर मुलांचं काय होतं ते तुम्ही वरच लिहिलंय. कोणी शाळेऐवजी अनाथाश्रम सुचवला तर साफ नाही म्हणा. अशा संस्थांमधल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, आणि पाहुण्यांच्या पैशामुळे मुलांना घरापासून लांब ठेवलं जातं. 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेच्या ठरावातही याची दखल घेतली गेली.

प्रतिसाद – गिरीभ्रमण

मी डॉक्टर आहे, तेवढ्यापुरतं लिहितो. विमान कुस्कोला उतरतं, ते 3,400 मीटरवर. तिथे न थांबता थेट ओयांतायतांबोला उतरा, ते साधारण 2,800 वर आहे. दोन-तीन रात्री तिथे काढून मग वर जा. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. डोकं दुखून उलट्या झाल्या किंवा तोल जायला लागला, तर सकाळची वाट पाहू नका, लगेच खाली या. जूनमध्ये रात्री पारा शून्याखाली जातो, झोपायची सोय नीट विचारून घ्या.

पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्या. डोंगरात त्याचा धोका नाही, पण पेरू पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत आहे, आणि प्रमाणपत्र नसेल तर भारतात परतल्यावर विलगीकरणात ठेवू शकतात. ही लस ठरावीक केंद्रांवरच मिळते. कोकाच्या पानांचा चहा तिथे सर्रास पितात, पण त्याच्या पुड्या इकडे आणू नका, आपल्याकडे कायद्याने बंदी आहे.

व्हिसा दिल्लीच्या दूतावासातून. अमेरिकेचा किंवा शेंगेनचा (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक) किमान सहा महिने वैध व्हिसा हातात असेल तर पर्यटनासाठी वेगळा लागत नाही. मात्र शाळेतलं काम पर्यटनात बसतं का, ते दूतावासाकडून लेखी घ्या.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. सभेच्या होकाराबद्दल संस्थेला आजच लिहिलं. उत्तर येईपर्यंत तिकीट काढणार नाही. चिक्की रद्द, भोवरे नक्की. परदेशी जायच्या परवानगीचा अर्जही शिक्षण विभागात देते आहे.

आता एकच मागणं: नाशिकमध्ये किंवा ऑनलाइन स्पॅनिश शिकवणारं कोणी माहीत आहे का? शाळा सुटल्यानंतरची वेळ हवी. त्या बाईंशी निदान दुभाष्याशिवाय बोलता यावं.