मदत हवी आहे: इंग्रजी विभागाचं एकदिवसीय राष्ट्रीय चर्चासत्र, हातात 12 आठवडे

विषय आहे मराठी-इंग्रजी भाषांतर. बीजभाषण ठरलंय, सभागृह आणि शेजारची एक वर्गखोली मिळाली आहे. अडलंय ते असं: अ‍ॅबस्ट्रॅक्टची (पेपरच्या सारांशाची) मुदत कधीची ठेवावी, दिवसभरात किती पेपर बसतील, आणि पेपरांच्या पुस्तकासाठी आयएसबीएन (पुस्तकाचा क्रमांक) घ्यावा की आयएसएसएन (नियतकालिकाचा क्रमांक)? ब्रोशर सोमवारी काढायचं आहे.

प्रतिसाद 1
मुदत स्वीकृतीपत्रावरून उलटी मोजा. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं आणि स्वीकृतीपत्राशिवाय बाहेरगावच्यांना ड्यूटी लीव्हचा (कामावर धरल्या जाणाऱ्या रजेचा) अर्ज सहसा करता येत नाही. तुमच्याकडे 84 दिवस आहेत. म्हणजे अ‍ॅबस्ट्रॅक्ट (250 शब्द, 5 बीजशब्द) 16व्या दिवसापर्यंत, निवडीला आठ दिवस, 24व्या दिवशी पत्रं रवाना, म्हणजे पुढे 60 दिवस उरतात. मुदतवाढ दिलीत तर पहिला फटका प्रवास करणाऱ्यांना बसतो.

पेपर 20च घ्या. एकाला 15 मिनिटं: 10 वाचन, 3 प्रश्न, 2 माणूस बदलायला. 75 मिनिटांच्या सत्रात पाच. दोन खोल्या, दोन फेऱ्या. दहा मिनिटांत इंग्रजीचे साधारण 1,200 शब्द वाचून होतात. 3,000 शब्दांचा लेख घेऊन उभं राहिलेला माणूस मग पानं गाळत सुटतो आणि नेमकी उदाहरणंच गळतात, भाषांतराच्या पेपरात तर जीव तिथेच असतो. वाचायची प्रत वेगळी मागवा.

प्रतिसाद 2
एकदाच निघणारं पुस्तक असेल तर आयएसबीएन. दरवर्षी त्याच नावाने अंक काढणार असाल तर आयएसएसएन. आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीच्या पोर्टलवर मोफत मिळतो, संस्थेलाही प्रकाशक म्हणून नोंदणी करता येते. छापील प्रत आणि ई-बुक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. शीर्षक पक्कं झाल्यावरच अर्ज करा.

ब्रोशरवर 'यूजीसी केअर' लिहू नका, कृपया. विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) मान्य नियतकालिकांची ती यादी फेब्रुवारी 2025 मध्ये बंद झाली आहे आणि अजूनही तरुण प्राध्यापक त्या दोन शब्दांवर पैसे भरतात.

साम्यतपासणीची (मजकूर दुसरीकडून उचललाय का, या तपासणीची) मर्यादा 10 टक्के ठेवा, यूजीसीच्या 2018च्या नियमांना धरून. तपासताना अवतरणं आणि संदर्भसूची वगळायला सांगा, नाहीतर कवितेवरचा प्रामाणिक पेपरही उचललेला म्हणून लाल दिसतो.

प्रतिसाद 3
या विषयात मराठी उतारे येणारच. 'फक्त युनिकोड' (सगळ्या संगणकांवर सारखी उघडणारी अक्षरपद्धत) हे ब्रोशरवर ठळक छापा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर रोमन अक्षरांचा कचरा होऊन उघडतो. रूपांतर करून दिलेल्या मजकुरात 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' असे शब्द आधी पाहा. अर्धा र बिघडून 'दुसर्या' होतो आणि स्पेलचेक तो पकडेलच असं नाही. देवनागरी तिरकी करू नका, बहुतेक फॉन्टना खरी तिरकी वळणं नसतात, नुसती अक्षरं कलंडतात. मराठी पुस्तकाचं नाव रोमन लिपीत लिहून ते इटॅलिक करा, एमएलए या संदर्भलेखन-पद्धतीच्या नवव्या आवृत्तीप्रमाणे.

मूळ प्रश्नकर्ती
20 पेपर आणि 16वा दिवस पक्का. नॅकसाठी (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेसाठी) काय जपावं?

प्रतिसाद 1
सूचना, कार्यक्रमपत्रिका, सत्रवार सह्यांची हजेरी, जिओटॅग फोटो (ठिकाणाची नोंद असलेले), अहवाल. फोनचं लोकेशन सकाळीच चालू करा. फोटोवर तारीख-ठिकाण नंतर चिकटवत बसू नका. वेबसाइटवरची बातमी त्याच संध्याकाळी टाका, हजेरीतलाच आकडा घेऊन. बातमीत एक आणि अहवालात दुसरा आकडा असला की समिती नेमकं तिथेच बोट ठेवते.