पितळी लोट्याचं छिद्र बुजवून हवंय, पुण्यात कोण चांगलं करतं? (तातडीचं)

कॅटवाला
प्रश्न सरळ आहे, उत्तरही सरळ द्या ही विनंती. जुन्या जादूच्या सामानाची एक ट्रंक घेतली. त्यात एक पितळी लोटा आहे. मानेजवळ छिद्र आहे, ओतताना तिथून गळतं. शिवाय पूर्ण रिकामा करून ठेवला तरी थोड्या वेळाने आत परत पाणी दिसतं आणि कुबट वास येतो. म्हणजे आतूनही कुठेतरी फुटलेला असणार. उद्या सकाळी तांबट आळीत टाकणार आहे. छिद्राला नुसता झाळून डाग दिला तर पुरेल का? पॉलिश आधी करायचं की नंतर? तिथे कोण नीट काम करतं तेवढं सांगा.

जुनाबाजार_रविवार
फोटो टाका. उंची, वजन, पत्र्याची जाडी? छिद्र गंजून पडलंय की मुद्दाम पाडल्यासारखं गोल आहे? ट्रंक कोणाची होती? आणखी काय निघालं त्यात?

कॅटवाला
फोटो चढत नाहीये, साइझ मोठी दाखवतंय. लोटा असतो तेवढाच लोटा आहे. वजनाला मात्र चांगला जड आहे. मी पत्त्यांचे जुने कॅट जमवतो, ट्रंक त्यांच्यासाठीच घेतली, पितळेतलं मला कळत नाही. ट्रंक कोणाची होती याचा डाग देण्याशी काय संबंध?

चिंचमीठ
वासासाठी रात्रभर चिंचेचं पाणी भरून ठेवा, सकाळी पितांबरीने खसखसून घासा. आमच्याकडे देवाची भांडी अशीच निघतात. नव्यासारखा होईल.

जुनाबाजार_रविवार
चिंचमीठ ताई, कृपा करून असं सांगू नका. जादूच्या जुन्या पितळी सामानावर पुष्कळदा निकेलचा पातळ मुलामा असतो. घासला की गेला, आणि अर्धी किंमत त्याच्याबरोबर गेली. कॅटवाला, कडेच्या खाचेत किंवा बुडाशी चंदेरी झाक दिसते का बघा.

चिंचमीठ
अहो, किंमत कोणी विचारलीये? त्यांना वास घालवायचाय. काळंकुट्ट भांडं घरात ठेवून करायचं काय?

हातचलाखी
धागालेखक, ते छिद्र बुजवू नका. डाग नको, एम-सील नको, काही नको. यापेक्षा जास्त इथे लिहिणार नाही. व्यनि (खासगी निरोप) केलाय.

कॅटवाला
व्यनि उघडत नाहीये, माझं खातं नवीन आहे. गळणारं छिद्र का बुजवायचं नाही ते इथेच सांगा की. उद्या सकाळी जायचंय मला.

विज्ञानवाले_सर
मी सांगतो, भौतिकशास्त्रात गुपित नसतं. तुमचा लोटा फुटलेला नाही, दुहेरी भिंतीचा आहे. म्हणून जड लागतो. आतल्या भिंतीला बुडाशी बारीक भोक असतं, तिथून दोन्ही कप्पे जोडलेले. मानेजवळचं छिद्र ही बाहेरच्या कप्प्याची हवेची वाट. लोटा भरला की दोन्हीकडे पाणी जातं. ओतताना छिद्रावर बोट ठेवायचं. आतलं पाणी पडतं, बाहेरच्या कप्प्यातलं अडकून राहतं. लोटा सरळ ठेवून बोट उचललं की वरून हवा शिरते आणि पाणी बुडातून आत येतं. पिपेटवर बोट ठेवतो तसंच. तुम्ही बोट ठेवत नाही म्हणून गळतं, आणि रिकाम्या लोट्यात पाणी परत येतं तीच तर त्याची जादू!

हातचलाखी
वा सर, वा. ज्यावर लोकांनी पोटं भरली ते चार ओळींत उघडं करून टाकलंत. गुपित फोडायचं नाही, हा जादूगारांच्या संघटनांत पहिला नियम असतो.

विज्ञानवाले_सर
उद्या डाग बसला असता तर गुपित शाबूत आणि लोटा मेलेला. कुठलं बरं?

संध्याछाया
जादूगार पी. सी. सरकार हाच लोटा कार्यक्रमभर मधूनमधून रिकामा करायचे ना? ‘वॉटर ऑफ इंडिया’. आमचे काका सांगायचे, दर वेळी हशा पिकायचा. मुलीला करवतीने कापायचा प्रयोगही सरकारांनीच शोधला.

जुनाबाजार_रविवार
लोट्याचं बरोबर, करवतीचं नाही. तो प्रयोग इंग्लिश जादूगार पी. टी. सेल्बिटने १७ जानेवारी १९२१ ला लंडनच्या फिन्सबरी पार्क एम्पायरमध्ये केला. सरकार तेव्हा सात-आठ वर्षांचे. त्यांचा गाजला तो ९ एप्रिल १९५६ चा, बीबीसीच्या पॅनोरमा या टीव्ही कार्यक्रमातला. मुलगी उठायच्या आत कार्यक्रमाची वेळ संपली, लोकांना वाटलं खरंच कापली, आणि बीबीसीचे फोन तुंबले.

टेम्स_काठचा
लंडनहून लिहितोय. डेव्हनपोर्टचं, म्हणजे जादूचं सामान विकणाऱ्या १८९८ पासूनच्या घराण्याचं सामान इथे लिलावात दिसतं. लोट्याच्या बुडाशी छाप आहे का? जादूचं सामान बनवणाऱ्या अमेरिकन पेट्री-लुईसचं पॉलिश केलेलं धातुकाम असेल तर घ्यायला मी तयार आहे. कुरिअर करता येईल?

कलम_बहाद्दर
थांबा. शंभर वर्षांहून जुना असेल तर पुरावस्तू व कलानिधी कायदा, १९७२ लागू शकतो. खाजगी माणसाला अशी वस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही. शिवाय ट्रंकेत पांढऱ्या टोकांची काळी छडी आहे का? टोकं हस्तिदंती असतील तर वन्यजीव संरक्षण कायदा, तोही १९७२ चाच. हस्तिदंताची विक्री बंद आहे. भिंगाखाली एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेषांची जाळी दिसली तर हस्तिदंत, बारीक काळे ठिपके दिसले तर हाड. तापवलेली सुई टोचून बघू नका. सेल्युलॉइड असेल तर पेट घेईल.

कॅटवाला
मी काहीही विकत नाहीये! छडी आहे, टोकं पांढरी आहेत, बघतो. आता लोट्याकडे या. छिद्राच्या कडेला काळपट काहीतरी चिकटलंय, अर्धं निघालेलं. खाचेत चंदेरी आहे थोडं. छाप कुठेच नाही.

हातचलाखी
हे आधी सांगायला काय झालं होतं? ती लाख दिसतेय. मधल्या कोणा मालकाने गळतंय म्हणून तुमच्यासारखंच बुजवलेलं असणार. साध्या स्पिरिटने लाख सुटते. कापसाचा बोळा ओला करून छिद्रापुरता धरा आणि पुसा, मुलाम्यावर फिरवत बसू नका. सुई खुपसू नका, छिद्र मोठं झालं तर बोटाखाली नीट बसणार नाही.
वासासाठी लोटा छिद्र खाली येईल असा पालथा तिरका ठेवा. बाहेरच्या कप्प्यातलं पाणी तिथून ठिबकून जाईल, बुडाच्या भोकातून हवा शिरेल. मग दोन-तीन दिवस उन्हात. चिंच अजिबात नको, दोन भिंतींच्या मध्ये शिरलेला गर काढणार कसा?

चिंचमीठ
बरं बाई, राहिलं. पण तुम्ही पाणी भरून ठेवता आणि वर्षभर विसरता, मग वास येणार नाही तर काय.

जुनाबाजार_रविवार
छाप नाही म्हणून नाराज होऊ नका. आपल्याकडच्या कारागिरांच्या कामावर बहुतेक नाव नसतंच. म्हणून ट्रंक कोणाची हे विचारत होतो. झाकणाच्या आत नाव रंगवलंय का, तळाच्या कागदाखाली हँडबिल, तिकिटं, पत्रं आहेत का, हे बघा. आपल्याकडे रघुवीरांसारखे जादूगार होऊन गेले, पण गावोगावी फिरणारे त्याहून कितीतरी. त्यांचं सामान मोडीत जातं ते याच कारणाने. लोटा, कागद आणि ट्रंक एकत्र राहिली तर संग्रह, नाहीतर भांडं.

कॅटवाला
झाकणात रंगवलेलं काहीतरी आहे, अर्धं खरवडलेलं. ‘प्रो.’ एवढंच वाचता येतं. आणि तीन पितळी वाट्या आहेत, प्रत्येकीच्या डोक्यावर देठासारखी गाठ. एकात एक बसत नाहीत. सेट चुकीचा आहे का?

जुनाबाजार_रविवार
नाही हो! देशी कप अँड बॉल्स, म्हणजे वाट्यांखाली गोळे गायब करायचा खेळ, त्याच्या वाट्या त्याच. विलायती पेले एकात एक बसतात, आपला मदारी गाठ दोन बोटांत पकडून वाटी उचलतो. लाल कापडाचे गोळे आहेत का सोबत? असतील तर धुऊ नका.
आणि ‘प्रो.’ पाहून हुरळू नका, त्या काळी प्रत्येक जादूगार प्रोफेसर होता. उरलेली अक्षरं तिरप्या उजेडात वाचून बघा, ओला फडका लावू नका.

कॅटवाला
गोळे आहेत, एकाला कसर लागलीये. त्याचं काय करायचं? आणि तांबटाला फोनवर वेळ दिलीये, आता काय सांगू?

विज्ञानवाले_सर
सांगा, लोटा बरा आहे.

कोपरखळी
धागा आत्ता बघितला, वरचे प्रतिसाद वाचलेले नाहीत. आमच्या गल्लीत गुरुवारी कल्हईवाला येतो, एकदम प्रामाणिक माणूस. असलं छिद्र पाच मिनिटांत कायमचं बुजवून देईल. नंबर हवा असेल तर सांगा.