शेजारच्या बाळाशी तुलना नको, आलेख पाहा

ऐरोलीच्या ताई, आठ महिन्यांची लेक ७ किलोचीच आणि शेजारचा मुलगा ९ किलोचा, म्हणून तुम्ही घाबरला आहात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या तक्त्यात या वयाच्या मुलींचं मधलं वजन ७.९ किलो आहे आणि कमी वजनाची सीमा ६.३. म्हणजे ती ठीक आहे. मुलांचा तक्ताच वेगळा असतो.

एका आकड्यापेक्षा रेघ महत्त्वाची. जन्मापासूनची वजनं कार्डावरच्या आलेखात मांडा. रेघ आपल्या वाटेने वर जात असेल तर बारीक अंगाचं बाळही छान वाढत असतं. सपाट झाली किंवा खाली वळली, तर मात्र वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. वजन शक्यतो त्याच काट्यावर, कपडे काढून करा.

खाण्यात डाळीच्या वरच्या पाण्यावर भर देऊ नका, त्याने फक्त पोट भरतं. घट्ट वरण-भात कुस्करून वर तूप, नाचणीसत्त्व, चालत असेल तर नीट शिजवलेलं अंडं द्या. लोहाबद्दल डॉक्टरांना नक्की विचारा, सहा महिन्यांनंतर आईच्या दुधातलं पुरत नाही. मध वर्षाच्या आत अजिबात नको. आणि सासूबाई काहीही म्हणोत, अंगावरचं दूध तोडू नका.